डीएसई.एलडीआयएफ: कॅशचा आकडा रीस्टार्टनंतर आपोआप बदलतो

भिडू_नवा
389 डिरेक्टरी सर्व्हर (वापरकर्ते वगैरेंच्या नोंदी ठेवणारा एलडॅप सर्व्हर) नुकताच माझ्याकडे आलाय. सर्च हळू होतं म्हणून सर्व्हर बंद केला आणि डीएसई.एलडीआयएफ या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये यूजररूट या बॅकएंडचं (डेटा साठवणाऱ्या भागाचं) एनएसस्लॅपडी-कॅशमेमसाइझ वाढवलं. सर्व्हर चालू केल्यावर बघतो तर तिथे तिसराच आकडा! शिवाय एनएसस्लॅपडी-डीबीकॅशसाइझ नावाचंही काहीतरी दिसतंय. या फाइलला काही रचना आहे की नुसतीच लांबलचक यादी?

जुना_टर्मिनल
रचना आहे, पण फाइल वरून खाली वाचत गेलात तर ती दिसायची नाही. प्रत्येक नोंदीचं डीएन (तिचा पूर्ण पत्ता) उजवीकडून वाचा. तुमच्या नोंदीचं डीएन आहे सीएन=यूजररूट, सीएन=एलडीबीएम डेटाबेस, सीएन=प्लगइन्स, सीएन=कॉन्फिग. म्हणजे मूळ कॉन्फिग, त्यात प्लगइन्स, त्यात डेटाबेसचा प्लगइन आणि त्यात तुमचा बॅकएंड. पोर्ट, लॉग, साइझलिमिट वगैरे संपूर्ण सर्व्हरला लागू होणारे ॲट्रिब्यूट (नोंदीतले एकेक गुणधर्म) थेट सीएन=कॉन्फिगवर असतात. जितकं खोल जाल तितकी सेटिंगची हद्द लहान.

कॅशमेमसाइझ त्या एकाच बॅकएंडच्या एंट्री कॅशचं (नोंदी मेमरीत हाताशी ठेवायच्या जागेचं), आकडा बाइटमध्ये. डीबीकॅशसाइझ खालच्या बर्कली डीबी या डेटाबेस इंजिनचं, सगळ्या बॅकएंडना मिळून एकच.

तुमचा आकडा कोणी खाल्ला? बहुतेक एनएसस्लॅपडी-कॅश-ऑटोसाइझने. ते शून्य नसलं की सर्व्हर सुरू होताना मोकळ्या रॅमच्या टक्क्यांनी स्वतःच हिशेब करतो आणि तुमचं लिहिलेलं पुसतो. हल्लीच्या आवृत्त्यांत ते मुळातच 25 असतं. डीएसकॉन्फ या कमांडने बॅकएंड कॉन्फिग सेटमध्ये ऑटोसाइझ 0 करा, मग कॅशमेमसाइझ द्या आणि रीस्टार्ट करा.

आणि फाइलला हात लावायची सवय सोडाच. सर्व्हर चालू असताना खरं कॉन्फिग मेमरीत असतं, तो फाइल परत लिहितो आणि तुमचा बदल गायब होतो. बंद करून बदलणं चालतं, पण चालू सर्व्हरवरच बदल करणारी एलडॅपमॉडिफाय कमांड असताना एवढा खटाटोप कशाला?

भिडू_नवा
ऑटोसाइझ 25च होतं. शून्य केलं, आकडा टिकला. आता एक नवा ॲट्रिब्यूट घालायचाय, बॅज नंबरचा. तोही इथेच?

जुना_टर्मिनल
नाही हो, तो स्कीमाचा (नोंदीत कोणते ॲट्रिब्यूट चालतात त्या व्याख्यांचा) विषय. सीएन=स्कीमावर एलडॅपमॉडिफायने घाला, सर्व्हर तो स्कीमा फोल्डरातल्या 99यूजर.एलडीआयएफमध्ये लिहून ठेवतो. ओआयडी (ॲट्रिब्यूटचा एकमेव ओळख क्रमांक) स्वतःच्या संस्थेच्या शाखेतला घ्या, दुसऱ्याचा उचलू नका.

लॉगवाली
थोडं विषयांतर. एलडीआयएफ प्रकारच्या फाइलमधली लांब ओळ तुटते आणि पुढचा तुकडा एका स्पेसने सुरू होतो. त्यामुळे एसीआयमधला (परवानगीच्या नियमातला) शब्द ग्रेप या शोधायच्या कमांडला सापडला नाही तर तो तिथे नाहीच असं धरू नका. एलडॅपसर्चला -ओ एलडीआयएफ-रॅप=नो द्या, मग ग्रेप करा. आणि बदलाआधी काय होतं ते बघायला शेजारची डीएसई.एलडीआयएफ.स्टार्टओके डिफ कमांडने ताडून बघा, सर्व्हर शेवटचा नीट सुरू झाला तेव्हाची प्रत असते ती.