छोटा पोकलेन घ्यावा की भाड्यानेच चालवावा? मदत हवी आहे

राम राम मंडळी. मी सांगोल्याकडचा. डाळिंबाच्या बागांत पाइपलाइनच्या चाऱ्या काढायची, खड्डे घ्यायची कामं धरतो. दोन ओळींमधून जेसीबी वळत नाही, म्हणून 3 टनी छोटा पोकलेन तासावर भाड्याने आणतो. डिझेल, ऑपरेटर वजा जाता हातात फारसं उरत नाही. आता स्वतःचाच घ्यावा म्हणतोय. पण फायनान्सवाले 3 वर्षांचे आयटीआर (आयकर भरल्याची विवरणपत्रं) मागतात. माझा धंदा सगळा रोखीचा! शिवाय पावसाळ्यात काळ्या रानात मशीन उभंच राहतं, हप्ता मात्र थांबत नाही. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त असा हप्ता कुणी बांधून घेतलाय का? आणि जुनं मशीन घेताना ते किती तास चाललंय हे दाखवणाऱ्या नुसत्या मीटरवर विश्वास ठेवावा का?