मदत हवी आहे: घाणेरी काढली, बुलबुल गेले. आता कुंपणाला कोणती झुडपं लावू?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्याची. घराच्या दक्षिणेला कुंपणालगत ३० फूट लांब, ४ फूट रुंद पट्टा आहे. ऊन दिवसभर. जमीन काळी, पावसात पाणी साचून राहतं. तिथे माजलेली घाणेरी आम्ही मे महिन्यात मुळासकट काढली आणि लालबुड्या बुलबुलांची जोडी दिसेनाशी झाली. आई अंथरुणाला खिळलेली आहे, तिला ही एकच खिडकी. रोज सकाळी विचारते, "आले का गं?" मला फार लागतं ते.

रोपवाटिकेत पिवळ्या पानांचा दुरांटा सुचवला. शेजारी त्याचंच कातरलेलं कुंपण आहे, त्यावर ना फूल ना फळ, पाखरू येणार कशाला? माझ्या मनात करवंद, धायटी आणि कुंती आहे. एवढ्या जागेत मावतील? किती अंतरावर लावू? की घाणेरीचंच एखादं झुडूप ठेवायला हवं होतं?

प्रतिसाद:
ताई, घाणेरी काढलीत ते योग्यच केलंत. ती मूळची अमेरिकेतली. बुलबुल फळं खाऊन तिचं बी रानात नेतात आणि तिच्या जाळीखाली आपली झुडपं वर येत नाहीत.

तुमची निवड चांगली आहे. आधी माती चढवून वरंबा फूटभर उंच करा, धायटीला मुळाशी पाणी तुंबलेलं चालत नाही. करवंद दोन्ही टोकांना लावा. त्या काट्यांत मांजर शिरत नाही, म्हणून घरट्याला उत्तम. मध्ये धायटी, ५-५ फुटांवर. माघ-फाल्गुनात लाल फुलांनी भरली की शिंजीर (फुलांतला रस पिणारे चिमुकले पक्षी) हलणार नाहीत. खिडकीसमोर कुंती, तिची लाल फळं बुलबुलांना आवडतात. दर महिन्याला कातरू मात्र नका.

करवंदाला फळ धरायला काही वर्षं जातील. तोवर तुतीची पेन्सिलीएवढी जाड काडी याच पावसात खोचा, ती लवकर फळते. आणि आजच खिडकीखाली पसरट परळात दोन बोटं पाणी ठेवा.

धागाकर्ती:
मनापासून आभार! परळ ठेवला. तुतीची काडी मावशींकडे मिळेल. पण अळ्या पडल्या तर काय फवारू?

प्रतिसाद:
काहीच नाही. बुलबुल काय, शिंजीर काय, पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्या भरवतात. पानं कुरतडलेली दिसली तरी राहू द्या.