अलिबाग ते तेरेखोल, सायकलने ६ दिवसांत: जमेल का?

बिनगिअरचा:
नमस्कार मंडळी. जानेवारीत आम्ही तिघं मित्र अलिबागहून निघून समुद्राच्या कडेकडेने गोव्याच्या हद्दीवरच्या तेरेखोलपर्यंत सायकलने जायचं म्हणतोय. तिघंही चाळिशी ओलांडलेले, पुण्यातले. दर रविवारी सिंहगडाचा पायथा होतो, आणि गेल्या वर्षी पुणे-महाबळेश्वर एका दिवसात मारलंय, त्यामुळे अगदीच कच्चे नाही. (नावावर जाऊ नका. पहिली सायकल बिनगिअरची होती, आताच्या सायकलींना गिअर आहेत.)

मोबाइलवर मोजलं तर अंतर ५०० च्या आत बसतंय. रोज ८० धरले तरी ६ दिवसांत सहज व्हावं, शिवाय वाटेत घाट नाही. मला विचारायचंय ते असं: खाड्या कुठे कुठे होडीने ओलांडाव्या लागतात? किनाऱ्यावर तंबू ठोकून राहिलं तर चालतं का? आणि परत येताना सायकली कशा आणायच्या?

सुकती:
राग मानू नका, पण तुमचं गणित घाटावरच्या माणसाचं आहे. "वाटेत घाट नाही" या वाक्यावर मीही फसलोय, तेही रत्नागिरीत जन्म काढून, त्यामुळे मला तर बोलायलाही तोंड नाही. निवृत्त झाल्यावर पोराने सायकल घेऊन दिली आणि त्याच हिवाळ्यात निघालो.

सागरी महामार्ग म्हणजे लाटांना लागून जाणारी सपाट सडक नव्हे. गावं खाली, खाडीच्या काठाला, माडापोफळीत. दोन गावांच्या मधे जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं कातळाचं पठार. सकाळी चहा पिऊन निघालात की गावाबाहेर पडता पडताच चढ. वर पोचलात की सावलीला एक झाड नाही, नुसतं वाळलेलं गवत आणि काळा पडलेला कातळ. मग पुढच्या खाडीत उतार, आणि खाडी ओलांडली की पुन्हा चढ. दिवसातून चार-पाच वेळा हेच. महाबळेश्वर एकदा चढलं की सुटलात, इथे सुटका नाही. उतारावरही मजा कमी आणि ब्रेक जास्त, कारण आंधळ्या वळणापलीकडे म्हशी बसलेल्या असतात. अंतरावर जाऊ नका. इथे रोज ५०, फार तर ६०.

आता खाड्या. अलिबागहून निघाल्यावर रेवदंड्याला कुंडलिकेवर पूल आहे, काळजी नाही. मुरूडच्या पुढे आगरदांडा ते दिघी पहिली जंगलजेटी, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट. मग सावित्रीवर बागमांडला ते वेसवी, वाशिष्ठीवर दाभोळ ते धोपावे, शास्त्रीवर तवसाळ ते जयगड. या चारही ठिकाणी अशी बोट आहे, सायकलचं तिकीट किरकोळ, पलीकडे पोचायला चहा पिण्याइतका वेळ. पण रात्री बोट नसते, आणि दाभोळची चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला चिपळूणचा वळसा. म्हणून मुक्काम खाडीच्या पलीकडे ठरवा, अलीकडे नको. संध्याकाळी ओलांडून टाकलेली खाडी बरी.

रत्नागिरीच्या दक्षिणेला बहुतेक पूलच आहेत: भाट्ये, पूर्णगड, जैतापूर. तिकडचे चढ मात्र तेच. कशेळीच्या सड्यावर थांबून हत्तीचं कातळशिल्प बघा, जवळजवळ १८ मीटर लांब आहे. अगदी जवळ उभं राहिलं तर काही कळत नाही, थोडं लांबून पाहिलं की सोंड दिसायला लागते.

एक गोष्ट पुण्यात कोणी सांगणार नाही. भरतीची वेळ काढायला ॲप लागत नाही, तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठ पाउणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वाअकरा. तिथून सहा तासांनी सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी. पाच-पंचवीस मिनिटं इकडेतिकडे होतात, पण काम भागतं. हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट समुद्राकडून जाते, ती फक्त ओहोटीला करायची, आणि खडकावर फोटो काढत रेंगाळायचं नाही. तिथे माणसं वाहून गेली आहेत.

हा हिशेब मला पाठ होता, तरी वेसवीला ऐन सुकतीत उतरलो. पायात ते पेडलला अडकणारे क्लीटवाले बूट. भरतीत पाण्याखाली असतो तेवढा धक्क्याचा उतार हिरवागार शेवाळलेला. दुसऱ्या पावलाला पाय गेला, मी खाली, सायकल माझ्यावर, आणि मागच्या डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या भागाचा हँगर (तो अडकवायची पट्टी) आत वाकलेला. बोटीवरचा पोरगा दोर सोडता सोडता ओरडला, "काका, चपला घालायच्या, चपला!" जवळपास सायकलचं दुकान नाही. पुढे केळशीपर्यंत एकाच गिअरवर गेलो, म्हणजे निम्मा रस्ता ढकलत. तुमचं नाव वाचून आधी तेच आठवलं. जादा हँगर बरोबर ठेवा, आपापल्या मॉडेलचा. तो एकमेकांना चालत नाही.

दापोलकरीण:
तंबूचं मी सांगते. नको. उधाणाच्या भरतीला पाणी वाळूत कुठवर येतं ते दिवसा बघून कळत नाही. दुसरं म्हणजे वेळास, आंजर्ले या बाजूला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं रात्री अंडी घालायला वर येतात. तुमचे हेडटॉर्च बघून ती तशीच माघारी फिरतात.

गावोगावी घरगुती सोय असते, तिथे राहा. फक्त दुपारी फोन करून जेवण सांगून ठेवा. रात्री ८ ला दारात उभं राहून "काय काय आहे?" विचारणारे पुण्याचे असतात, असं आमच्या आईचं मत आहे, माझं नाही. सांगून ठेवलंत तर सकाळी निघताना गरम घावनेही मिळतील. हर्णैला संध्याकाळी पोचा, बंदरावर मासळीचा लिलाव असतो. सायकल मात्र लांब लावा, नाहीतर आठवडाभर वास येत राहील. आणि दाभोळला बोटीच्या घाईत चंडिकादेवीचं देऊळ चुकवू नका. जमिनीखाली गुहेत आहे, आत फक्त समईचा उजेड.

बुलेटवाला:
एवढं कशाला? बुलेट काढा, ४ दिवसांत तेरेखोल. आम्ही केलंय.

सुकती:
केलंत ते खरंच. कशेळीचा हत्ती पाहिलात का?

बुलेटवाला:
कुठला हत्ती?

लालडबा:
परतीचं मी सांगतो, कारण त्या पायी माझा एक अख्खा दिवस गेलाय. कोकण रेल्वेने सायकल आणायची तर ती सामान म्हणून बुक करावी लागते, आणि छोट्या स्टेशनावर गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात कोणी सामानाचा डबा उघडत बसत नाही. रत्नागिरीसारखं मोठं स्टेशन धरा आणि आदल्या दिवशी खिडकीवर जाऊन समक्ष विचारा. फोनवर मला एक सांगितलं, खिडकीवर दुसरंच निघालं. दुसरा मार्ग खासगी बसच्या डिकीचा: दोन्ही चाकं काढा, चेन जुन्या चादरीत गुंडाळा, आणि क्लीनरशी आधी गोड बोला.

बिनगिअरचा:
सगळ्यांचे आभार. काल रात्री तिघं बसलो आणि तेरेखोल खोडलं. आता अलिबाग ते रत्नागिरी, ७ दिवस. मुक्काम मुरूड, श्रीवर्धन, केळशी, मग दाभोळ ओलांडून धोपावे, हेदवी, गणपतीपुळे. एका मित्राचं तोंड पडलंय, त्याने "गोव्यापर्यंत सायकलने" असं ऑफिसात आधीच सांगून टाकलंय. दक्षिणेचा भाग पुढच्या वर्षी.

सुकतीकाका, कॅलेंडर काढून बसलो. अष्टमीला निघतोय. तिसऱ्या दिवशी श्रीवर्धनहून निघून हरिहरेश्वर बघून वेसवीला पोचू, तेव्हा दशमी. दहा पाउणे साडेसात. म्हणजे सुकती दुपारी दीडला, आणि आमची बोट साधारण तेव्हाचीच. हिशेब बरोबर आहे ना?

सुकती:
बरोबर. चपला घ्या.