पाय किंवा हात गेल्यावरचं घर : तुमचे अनुभव सांगा

गँगरीन होऊन ह्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला. ऑपरेशनची माहिती सगळी मिळाली. घरी आल्यावर काय, ते कुणी सांगितलं नाही. तिसऱ्याच रात्री हे लघवीला उठले, पाय नाही हे विसरून. धाडकन पडले, टाके उसवले. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतःची काठी पलंगाच्या कडेला आडवी बांधली. हाताला लागली की आठवेल म्हणून. तेव्हापासून त्या आमच्याच खोलीत झोपतात.

माझी चूकही सांगते. बरं वाटावं म्हणून महिनाभर गुडघ्याखाली उशी देत होते. गुडघा वाकलेलाच आखडला. तो सरळ होईपर्यंत कृत्रिम पाय बसवता येईना, आणि व्यायामाच्या वेळच्या त्यांच्या शिव्या मी खाल्ल्या.

घरच्यांच्या मदतीचे अनुभव लिहा. मदतीच्या जाचाचेही चालतील.

•

आमच्याकडे पाय नाही, हात. बायकोचा डावा हात कडबाकुट्टीत गेला, मनगटापासून. वहिनीने स्वयंपाक स्वतःकडे घेतला, मायेनेच. ही दिवसभर ओसरीवर बसून. एकदा म्हणाली, "हात गेला तो गेला, चूल कुणी नेली?" मग वहिनीशी मीच बोललो.

चाकूने एका हाताने कांदा चिरायला गेलं की निसटतो. विळी पायाखाली दाबलेली असते, तिच्यावर जमतं. (शहरातल्या ओट्यावाल्यांनी विळी टाकून दिली, त्यांचं त्यांना लखलाभ.) परातीखाली ओलं फडकं घातलं की ती सरकत नाही. भाकरी ती एका हाताने थापते; उचलून तव्यावर टाकायला मी उभा असतो. भावकीतले हसतात. वेणीही मीच घालतो, तीन पेडांची. चार पेडांची अजून येत नाही.

•

माझा पाय लोकल अपघातात गेला. नसलेल्या पायाची बोटं मुरगळल्यासारखी दुखायची. सासरी म्हणाले, मनाचे खेळ. खेळ नव्हेत ते. पाय जातो, पण मेंदूत त्याची जागा राहते. औषधं चालू होतीच, शिवाय डॉक्टरांनी आरशाचा उपाय सांगितला. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात मांडलेला. दोन्ही पायांच्या मध्ये आरसा उभा धरायचा आणि चांगल्या पायाचं प्रतिबिंब बघत तो पाय हलवायचा. सगळ्यांना गुण येतो असं नाही, मला थोडा आला. नवऱ्याने त्यासाठी कपाटाचाच आरसा उचकटला होता. तो परत बसवलेला नाही. साडीच्या निऱ्या बघायला मी अजून शेजारी जाते!

•

बाबांना जयपूर फूट आहे. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. सेठी यांनी तो आपल्या राहणीला धरून बनवला. बूट लागत नाही, त्यामुळे बाबा देवळात अनवाणी जातात. स्टंप, म्हणजे पायाचा उरलेला भाग, आटत जातो हे मात्र लक्षात ठेवा. आधी मोज्यांचे थर वाढवायचे, मग सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो ती खोबण, बदलायचं.

पण मला दुसरंच सांगायचंय. आईने त्यांच्याशी भांडणं सोडून दिलं होतं. म्हणतील ते ऐकायची. बाबांना ते पायापेक्षा जास्त लागलं असावं. आम्ही भाऊ आळीपाळीने त्यांच्या खोलीत झोपायचो, रात्री काही लागलं तर म्हणून. चार महिन्यांनी बाबा म्हणाले, "आता आम्हाला दोघांना राहू द्या रे." त्याच आठवड्यात पहाटे आतून आवाज आला. गॅस सिलेंडरच्या पावतीवरून जुंपली होती. धाकटा उठून जाणार होता, मी त्याला धरून ठेवलं.

•

धागाकर्ती पुन्हा : सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. विळीचं पटलं त्यांना. शेवटच्या अनुभवावर काहीच बोलल्या नाहीत. रात्री गादी गुंडाळून बाहेरच्या खोलीत गेल्या. जाताना पलंगाच्या काठीची गाठ मात्र दोनदा ओढून बघितली.