प्रीमियर 118एनई: बदनामी खरी की ऐकीव?

मेडिकल_चौक: नागपुरात 1992 ची एक प्रीमियर 118एनई गाडी विकायला आहे, एमएच-31 पासिंग, चालू स्थितीत. पण कोणालाही विचारा, उत्तर ठरलेलं: "तापते, पार्ट मिळत नाहीत, सोडा ना भाऊ." त्याच काळातल्या कॉन्टेसा गाडीचे भाव चढलेत, हिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. यात तथ्य किती? आणि बघायला गेलं तर काय तपासायचं?

फिलरगेज: लोक हिला प्रीमियर पद्मिनीच्या रांगेत बसवतात, तिथूनच घोळ सुरू होतो. पद्मिनी म्हणजे फियाट 1100. हिचा सांगाडा फियाट 124 चा, युरोपातली 1967 ची 'कार ऑफ द इयर'. रशियाची लाडाही त्याच गाडीवरून निघाली. मागे पाट्यांऐवजी कॉइल स्प्रिंग आहेत, म्हणून खड्ड्यात बसणं सुसह्य. इंजिन निस्सानचं ए12, 1171 सीसी, क्रँकला पाच मेन बेअरिंग, बेल्टऐवजी टायमिंग चेन. दणकट माल आहे.

मग तापते का? दोष इंजिनाचा नाही, त्याला पाजलेल्या पाण्याचा. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. वर्षानुवर्षं बोअरचं जड पाणी भरलं की आत क्षार बसतो आणि हेडच्या पाण्याच्या वाटा खायला लागतात. त्यात कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रोखणारा व्हॉल्व्ह) काढून फेकलेला असतो, "उन्हाळ्यात थंड राहील" म्हणून. त्याने रेडिएटरचा चोंदा निघत नाही. उलट थंडीत इंजिन नीट गरम होत नाही, मिक्स्चर जाड राहतं, प्लग काळे पडतात.

बघायला जाल तेव्हा इंजिन थंड असू द्या. रेडिएटरचं झाकण उघडा. गंजकट तांबडं पाणी दिसलं तर किमतीत रॉडिंग (रेडिएटरच्या नळ्या सळईने साफ करणं), वॉटर पंप आणि होज धरूनच बोला. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर हेड गॅसकेटचा संशय घ्या. हेड उघडावं लागलं तर स्ट्रेटएज ठेवून मोजा; 0.1 मिमीपेक्षा वाकलं असेल तर फेसिंग (पृष्ठभाग मशीनवर सपाट करणं), नुसतं नवं गॅसकेट टिकणार नाही. टॅपेटची (व्हॉल्व्हवरची) फट गरम इंजिनावर 0.35 मिमी. आवाज बंद करायला मिस्त्री ती फट कमी करतात, मग व्हॉल्व्ह जळतात.

लांबी_नको: इंजिनाचं काम होऊन जातं हो, पत्र्याचं बघा. दाराचा खालचा काठ, सिल, बॅटरीखालचा ट्रे, डिक्कीत स्टेपनीखालचा खळगा. पुढची मॅटिंग उचलाच. काचेचं रबर वाळलं की पावसाचं पाणी थेट तिथे साचतं आणि फ्लोअर आतून सडतो. लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून फिरवा, जिथे पकडत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली. गाडी आयुष्यभर विदर्भात असेल तर कोकण-मुंबईच्या गाडीपेक्षा खालून बरी निघायची शक्यता जास्त.

मेडिकल_चौक: आणि मे महिन्यात, 45 अंशांत?

फिलरगेज: ए12 मध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला. कार्ब्युरेटर गरम मॅनिफोल्डच्या डोक्यावर. गाडी बंद केली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून आत उतरतं, इंजिन फ्लड होतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर पंप करू नका, पूर्ण दाबून धरा आणि सेल्फ मारा. कार्ब्युरेटरखालचं जाड इन्सुलेटर गायब असेल तर बसवा. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलमुळे जुने रबरी होज फुगतात, चिरतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळे बदलायचे, ई20 ला चालणारे. हे आधी करा, बाकी मागाहून. आगीचा प्रश्न आहे.

जुनी_चाकं: पार्टांची तक्रार मात्र अर्धी खरी. इंजिनाचे पार्ट ए12 च्या नावाने शोधा, बाहेरदेशी जुन्या डॅटसनवाल्यांमुळे (डॅटसन हे निस्सानचंच नाव) अजून मिळतात. ट्रिम (पट्ट्या, आतलं सजावटीचं सामान), टेल लॅम्प, डॅशबोर्ड यांचे हाल आहेत. तुटलेली ट्रिम असलेली गाडी स्वस्त मिळाली तरी महाग पडते. लाडाचा पार्ट "सारखाच आहे" म्हणून मोजमाप न घेता मागवू नका.

आता कागदपत्रांचं. व्हिंटेज नोंदणीला 50 वर्षं लागतात, त्यामुळे इथे ते विसरा. साधं नूतनीकरण, फॉर्म 25, दर वेळी पाच वर्षांचं, सोबत पर्यावरण कर. आरसी संपलेली असेल तर ते विकणाऱ्याकडून करून घ्या, आणि चेसिस नंबर पत्र्यावर वाचता येतो का ते पैसे देण्याआधी बघा.