सासरचं व्हिएतनाम, माहेरचं व्हिएतनाम : मूळगावी कोणाच्या पंगतीला बसलात? (अनुभव धागा)

मोगरा (सॅन होजे)

आपल्यातल्या काही जणांचं सासर व्हिएतनामी आहे, काहींची आई किंवा बाबा तिकडचे आहेत. घरातल्या मोठ्यांबरोबर त्यांच्या मूळगावी जाऊन आला असाल, तर तिथे काय जेवलात, कोणी वाढलं, जेवताना कोण काय बोललं, ते इथे लिहा. हॉटेलांची यादी नको. मीच सुरुवात करते.

सासूबाई मूळच्या नाम दिन्हच्या. हनोईच्या दक्षिणेला, लाल नदीच्या खोऱ्यातला हा भाग. सगळी भातखाचरं आणि त्यांच्यामधून वर आलेले चर्चचे मनोरे. १९५४ मध्ये जिनिव्हा करारानंतर देश दोन भागांत वाटला गेला, तेव्हा आठ-दहा लाख माणसं उत्तर सोडून दक्षिणेत गेली, त्यांत बहुसंख्य कॅथलिक. सासूबाई तेव्हा आईच्या कडेवर होत्या. हायफाँगहून बोटीनं सायगाव. तिथेच वाढल्या, तिथेच लग्न झालं. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलं आणि पुन्हा निघावं लागलं.

सॅन होजेच्या घरी रविवारी फो, म्हणजे मांसाच्या रश्शातलं तांदळाच्या शेवयांचं सूप, ठरलेला. ‘हा माझ्या आईचा, नाम दिन्हचा,’ असं त्या प्रत्येक पाहुण्याला सांगतात. नाम दिन्हजवळचं वान कू हे गाव पिढ्यान्‌पिढ्या फो विकणाऱ्यांचं म्हणून ओळखलं जातं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अभिमान असतो आणि तो रास्तच आहे.

आम्ही गेलो ते त्यांच्या आजोबांच्या ‘झो’ला, म्हणजे चांद्र तिथीनं येणाऱ्या वर्षश्राद्धाला. घर मामेभावाचं. पहाटे उठून पाहते तर मामेवहिनी गाक फळ फोडून बसलेल्या. गाक हे आपल्या करटोल्यांच्या कुळातलं, पण नारळाएवढं मोठं, आतून गर्द लाल. बियांभोवतीचा गर तांदळाच्या दारूत आणि मिठात कालवून त्या भिजवलेल्या चिकट तांदळाला चोळत होत्या, कोपरापर्यंत हात लाल. मला बाजूला बसवून अर्धी परात पुढे सरकवली. सून आलीय तर हात लावू दे, एवढंच त्यामागे होतं, आणि मला त्या घरची झाल्यासारखं वाटलं ते तेव्हा.

उकडलेली आख्खी कोंबडी, लाल भात, मिएन शेवयांचं सूप, नेमचे तळलेले रोल, सगळं आधी क्रुसाखालच्या आजोबांच्या फोटोपुढे ठेवलं. उदबत्त्या जळून संपल्यावर ताटं खाली आली. एका मोठ्या गोल ताटाभोवती सहा माणसं. बसल्यावर धाकट्यांनी वयाच्या क्रमानं एकेका मोठ्याचं नातं उच्चारून ‘जेवा’ म्हणायचं, मगच भाताला हात. सासूबाईंना थोरल्यांच्या ताटावर बसवलं. त्यांचं नातं उच्चारत पोरं ‘जेवा’ म्हणाली, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. अमेरिकेत त्यांना त्या नात्यानं हाक मारणारं कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फो. त्यात मांस, कांद्याची पात, सोबत लसणाचं व्हिनेगर, मिरची आणि क्वाय, म्हणजे तळलेल्या पिठाच्या कांड्या. मोडाचे मूग नाहीत, तुळशीच्या डहाळ्या नाहीत, गोड काळा सॉस नाही. सासूबाईंच्या फोबरोबर हे सगळं भरलेली ताटली असतेच. त्या बराच वेळ वाडग्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘म्हणजे ते सगळं आई सायगावला शिकली.’ आणि पुढे दिवसभर आईच्या सायगावातल्या पहिल्या वर्षांबद्दल बोलत होत्या, शेजारीण कोण होती, भाजी कुठून आणायची. हे सगळं माझ्या नवऱ्यानंही आधी कधी ऐकलं नव्हतं.

परदेशातल्या स्वयंपाकघरात जुनं गाव जसंच्या तसं जपलेलं असतं, असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. सासूबाईंच्या फोमध्ये नाम दिन्ह आहे, सायगाव आहे आणि सॅन होजेही आहे. मामेभावाच्या फोमध्ये आता चमचाभर अजिनोमोटो असतं. दोघांचाही खरा आहे.

काळी_मैना (मेलबर्न)

बायकोचं माहेर मेकाँगच्या मुखाकडचं बेन त्रे. नारळाचा मुलूख. आम्ही गेलो तेव्हा माझी मालवणची आई बरोबर होती. बायकोच्या काकूंनी कान्ह चुआ, म्हणजे आंबट सूप, करायला घेतलं. चिंच, अननस, टोमॅटो, भेंडी, मरळ मासा आणि अळूच्या जातीचे जाड, भुसभुशीत देठ. आईनं कुणाला न विचारता एक देठ उचलला, नखानं टोकाशी साल धरली आणि सर्रकन दोरा ओढून काढला. काकू बघतच राहिल्या. मग दोघींनी मिळून सगळी जुडी सोलली. भाषा एकीचीही दुसरीला येत नव्हती.

आईला एकच कोडं पडलं होतं, दारात एवढे नारळ आणि कालवणात खोबरं नाही? काकूंनी दुसऱ्या दिवशी डुकराचं मांस आणि उकडलेली अंडी नुक माम, म्हणजे माशांचा खारट सॉस, घालून शहाळ्याच्या पाण्यात मंद आचेवर शिजवून दाखवली. आई ते मांस खात नाही, पण रस्सा कसा आटतो ते शेवटपर्यंत उभी राहून बघितलं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. सासऱ्यांचा धाकटा भाऊ त्यांच्याआधी वेगळ्या होडीनं देश सोडून निघाला होता. सासरे मलेशियातल्या पुलाऊ बिदाँगच्या निर्वासित छावणीत पोचले, भाऊ कुठेच पोचला नाही. गेल्याची तिथी माहीत नाही, म्हणून तो घरातून निघाला ती तिथी धरतात. त्या दिवशी काकू त्याला आवडायची म्हणून कार्ल्याची भरली भाजी करतात. सासऱ्यांनी ती पहिल्यांदाच त्या घरात बसून खाल्ली.

मिरगाचा_किडा (बर्लिन)

माझे सासू-सासरे ऐंशीच्या दशकात कंत्राटी कामगार म्हणून पूर्व जर्मनीत आले. अशी हजारो व्हिएतनामी माणसं तेव्हा तिथल्या कारखान्यांत होती. गाव न्घे आन प्रांतातलं. जमीन गरीब, उन्हाळ्यात लाओसकडून भाजून काढणारा वारा येतो. जेवणात मिठातली छोटी वांगी आणि खारवलेला कच्चा फणस. माझी कोकणातली मावशी असती तर खूश झाली असती!

माझे बाबा आटपाडीचे. तेही बरोबर होते. जेवताना सासूबाई भातात रताळं घेत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं. विचारल्यावर कळलं, युद्धानंतरच्या रेशनच्या काळात, १९८६ मध्ये सुधारणा सुरू होईपर्यंत, भातात रताळं, सुकवलेला कसावा, नाहीतर बोबो नावाचं टणक धान्य मिसळलेलं असायचं. बोबो किती शिजवलं तरी दातांखाली तसंच. बाबा एकदम म्हणाले, ‘आमची मिलो!’ बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिळालेली अमेरिकेची लाल ज्वारी. त्यांनी आजवर मला एवढंच सांगितलं होतं की दुष्काळ होता. त्या रात्री मी दुभाषी झाले आणि दोघं दोन तास बोलत होते, रांगा, खडी फोडायचं काम, कोणाच्या घरी काय शिजलं. सासूबाईंनी निघताना बाबांना तांदूळ बांधून दिले, नुसता पांढरा तांदूळ. बाबांनी विमानात मांडीवर ठेवून आणला.

शेंगदाणा_कूट (पुणे)

नातं मैत्रिणीचं, तिचं घर मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात. माझी आई पूर्ण शाकाहारी, म्हणून मी धास्तावले होते. मैत्रिणीच्या आजीनं आम्हाला पौर्णिमेला बोलावलं. बौद्ध घरांत बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहारी जेवतात आणि ह्वेमध्ये तो स्वयंपाक फार नजाकतीनं करतात. फणस, केळफूल, टोफू, अळंबी. जाणार असाल तर तिथी बघून तिकीट काढा आणि ‘चाय’ हा शब्द लक्षात ठेवा, शाकाहारी जेवणाला तोच म्हणतात.

सावित्री_नदी (पॅरिस)

आई ठाण्याची, बाबा सायगावचे. सगळ्यांचं वाचून छान वाटलं, पण आमचा अनुभव वेगळा होता. बाबांच्या घरात आता मोबाइलचं दुकान आहे. नातेवाईक उरले ते दूरचे, आणि पहिल्याच जेवणात जमिनीचा विषय निघाला. बाबांनी चॉपस्टिक वाडग्यावर आडव्या ठेवल्या आणि नंतर घासही घेतला नाही. मला राग आला होता, अजूनही आहे. माणूस एवढ्या लांबून येतो, त्याला आधी जेवू तरी द्यावं.

बाबा परत जायला तयार आहेत. त्यांना नातेवाइकांकडे नाही, चो लोन या सायगावच्या चिनी वस्तीतल्या बाजारात जायचंय. तिथे आजी त्यांना शाळेआधी हु तिएउ, म्हणजे शेवयांचं सूप, खायला न्यायची.

मोगरा (सॅन होजे)

सावित्री_नदी, जरूर जा, आणि या वेळी बाबांना हवं तेच खा. काळी_मैना, ते देठ घशाला खाजत नाहीत का? इथे मिळाले तर करून बघायचंय.

काळी_मैना (मेलबर्न)

ती जात खाजत नाही, म्हणून काकू ते देठ शेवटी घालतात, कुरकुरीत राहतात. आपल्या अळूचे देठ घेणार असाल तर आधी चिंचेच्या पाण्यात पूर्ण शिजवून घ्या. मरळ नसेल तर कॅटफिश चालतो, बेन त्रेलाही घालतात.