नॉरफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन: एका कार्बनने एवढा फरक?

विडीघरकुलचा_रसायनवाला
एमएस्सी ऑरगॅनिकला आहे, सोलापूर. संध्याकाळी अशोक चौकात मामांच्या मेडिकलमध्ये बसतो. काल नॉरफ्लॉक्सॅसिन आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिन या दोन्ही अँटिबायोटिकच्या पट्ट्या समोर ठेवून रचना काढल्या. पहिल्या जागेच्या नायट्रोजनवर नॉरफ्लॉक्समध्ये एथिल (दोन कार्बनची साखळी), सिप्रोत सायक्लोप्रोपिल (तीन कार्बनचं कडं), बाकी सगळं तेच. रेणुभार ३१९ आणि ३३१, म्हणजे फरक नेमका एका कार्बनचा, हायड्रोजन तेवढेच. नोट्समध्ये सिप्रो जास्त पोटंट लिहिलंय. मग गोळी नॉरफ्लॉक्सची ४०० मिग्रॅ आणि सिप्रोची ५०० कशी? सांगा की कुणीतरी.

होटगीरोड_मेडकेम
बाळा, यात दोन हिशेब एकत्र झालेत. पोटन्सी बघायची एमआयसीवर: जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध पुरतं. तिथे सिप्रोच सरस, स्यूडोमोनास या चिवट जंतूवर तर नक्कीच. गोळीतले मिलिग्रॅम मात्र औषध कुठे आणि किती पोचवायचंय यावर ठरतात. नॉरफ्लॉक्सॅसिन पोटातून ३०-४० टक्केच शोषलं जातं, पण लघवीत चांगलं उतरतं आणि ते मुख्यतः तिथल्याच संसर्गाला देतात. सिप्रो ७० टक्क्यांच्या आसपास शोषलं जातं, पण त्याला हाडांपर्यंत काम करायचं असतं.

आता तो कार्बन. सायक्लोप्रोपिल एथिलएवढंच आटोपशीर, पण ताठ, आणि रिंगच्या इलेक्ट्रॉनांवर त्याचा परिणाम वेगळा. गायरेजला, म्हणजे जंतूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या ज्या एन्झाइमला ही औषधं अडवतात त्याला, ते मानवतं. याउलट तिसऱ्या जागेच्या कार्बॉक्सिलचा मिथिल एस्टर करून बघ. तिथेही एक कार्बनच वाढतो, पण औषधाचं काम जवळपास संपतं. कारण ते कार्बॉक्सिल आणि शेजारचा कीटो मिळून मॅग्नेशियम आयन धरतात, आणि त्याच्या आधाराने रेणू गायरेज-डीएनएवर बसतो. हीच जोडी अँटासिडमधला मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमही पकडते आणि औषध शोषलंच जात नाही. तू काउंटरवर बसतोस म्हणून कळकळीने सांगते: सिप्रो अँटासिडच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर, हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत जा.

चिंचोळी_क्यूसी
मॅडमनी छान सांगितलं. माझी एक भर. ऑफ्लॉक्सॅसिन आणि लिव्होफ्लॉक्सॅसिन घ्या, तिथे एकही अणू बदलत नाही. एका कार्बनवरचा मिथिल फक्त कुठल्या बाजूला आहे एवढंच. ऑफ्लॉक्सॅसिन म्हणजे दोन्ही रूपं निम्मी निम्मी, लिव्हो म्हणजे त्यातलं फक्त एस नावाचं रूप, दुसरं ते आर. जंतू मारण्याचं काम जवळजवळ सगळं एस करतं, आर कित्येक पट दुबळं. साध्या एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजायची पद्धत) कॉलमवर दोघांचा एकच पीक येतो, वेगळे करायला कायरल (अशी आरसाप्रतिमा रूपं ओळखणारा) कॉलम किंवा मोबाइल फेजमध्ये कायरल काहीतरी घालावं लागतं.

विडीघरकुलचा_रसायनवाला
मॅडम, सर, खूप आभार. अँटासिडचं मामांनाही सांगतो. मग मॉक्सिफ्लॉक्सॅसिनमध्ये आठव्या जागेवर मेथॉक्सी आहे, ते कशासाठी?

होटगीरोड_मेडकेम
त्याने न्यूमोकॉकससारख्या (न्यूमोनिया करणारा जंतू) ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या जंतूंवर जोर वाढायला मदत होते. सातव्या जागेची जाडजूड बायसायक्लिक (दोन कडी जोडलेली) अमीनही बघ, तिचाही त्यात वाटा आहे. स्यूडोमोनासवर मात्र मॉक्सी सिप्रोपेक्षा कमीच पडतं. दोन्ही रचना शेजारी काढून टाक इथे, पुढचं त्यावर बोलू.